विल्फचं शेवटचं शब्दकोडं

मित्रांनो, हसू नका. बोराएवढा उरलो आहे, कडा झिजल्या आहेत, आणि रंग असा की पांढरा म्हणावा की करडा, हे माझं मलाच ठरवता येत नाही. तरी मी खोडरबरच आहे, आणि चांगला जुना आहे. माझ्या बरोबरीचे खोडरबर केव्हाच झिजून संपले. मी उरलो, कारण मधली एकतीस वर्षं मला कोणी हातसुद्धा लावला नाही. त्याचं तेव्हा फार वाईट वाटायचं. आता वाटतं, बरं झालं. नाहीतर हिल्डाच्या वाट्याला मी आलोच नसतो.

कुठल्यातरी उष्ण देशातल्या झाडाचा चीक, त्यात दगडाची बारीक पूड, वर गंधकाचा वास, अशी माझी घडण. कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो आणि माझे चारही कोपरे धारदार होते. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या मोरकॅम गावातल्या एका दुकानात काचेच्या बरणीत पडून मी समुद्राचा आवाज ऐकत असायचो. आमचा समुद्र दिवसातून दोनदा इतका मागे सरकतो की नुसता ओला चिखल दिसत राहतो, आणि पलीकडचे डोंगर ढगात आहेत की पाण्यात, ते कळत नाही. दुसरं महायुद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती. अशाच एका धुक्याच्या सकाळी विल्फ ऑर्मरॉड दुकानात आला आणि इकडेतिकडे बघत, कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाला, "एक खोडरबर द्या हो. मऊ असू दे, कागद फाटायला नको."

विल्फ रेल्वेत होता. रुळांच्या कडेच्या उंच खोलीत बसून सिग्नलचे दांडे ओढायचं त्याचं काम. दोन गाड्यांच्या मधे वेळ मिळायचा, आणि त्या वेळात तो वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायला शिकत होता. साधं नव्हे, वाकड्या वाटेचं! आमच्याकडे लोकांना त्याचं वेड आहे. त्यातला क्लू वाचून वाटतं एक आणि असतं भलतंच. तुमच्या भाषेतला एक जुळवून सांगतो: 'नवीन दीपकाच्या पोटात वाहते ती.' आता तुम्ही म्हणाल, कोण हा दीपक, आणि त्याच्या पोटाला काय झालं? पण 'नवीन दीपक' ही अक्षरं ओळीनं बघा. मधोमध कोण लपून बसली आहे? नदी. वाहते ती! प्रत्येक क्लूचे असे दोन भाग असतात. एक भाग अर्थ सांगतो, दुसरा तो शब्द कसा घडला ते सांगतो.

विल्फ सुरुवातीला इतका चुकायचा, इतका चुकायचा, की काय सांगू! दुपारपर्यंत माझा भुगा त्याच्या मांडीवर सांडलेला असायचा. एखादा शब्द तो चार वेळा लिहायचा आणि चार वेळा मला घासायचा. चिडला की मला टेबलावर आपटायचा, पण मग उचलून बोटांनी साफही करायचा. त्याचा प्रत्येक चुकीचा शब्द माझ्या अंगात मुरला आहे. माझे ते सोन्याचे दिवस होते.

मग तो शिकला. एक दिवस त्यानं नवं शाईचं पेन घेतलं. आमच्याकडे हा मोठा मान समजतात. कोडं शाईनं सोडवणारा माणूस म्हणजे न चुकणारा माणूस. त्या दिवसापासून विल्फ वर्तमानपत्र घरी आणू लागला, सकाळच्या चहाबरोबर, बायकोसमोर, हिल्डासमोर, खाडाखोड न करता कोडं सोडवू लागला. आणि मला त्यानं कपड्यांच्या कपाटातल्या छोट्या खणात, शर्टाच्या बटणांशेजारी ठेवून दिलं. फेकलं मात्र नाही.

खणातली ती वर्षं स्वप्नासारखी गेली. अंधारात पडल्या पडल्या मला ते खोडलेले शब्द दिसायचे. अर्धवट, फिकट, शेपट्या तुटलेले. ते माझ्याभोवती तरंगत राहायचे. कधी वाटायचं, भरतीचं पाणी खणात आलं आहे आणि मी त्यावर अलगद चाललो आहे. बाहेर कपबशा वाजायच्या, केटलीची शिट्टी व्हायची, आणि कधीतरी हिल्डाचा आवाज यायचा, "काय रे, कसलं कोडं आहे आज?" आणि विल्फचं ठरलेलं उत्तर, "तुला नाही गं कळायचं त्यातलं." रागानं नाही हं, मायेनंच म्हणायचा. पण म्हणायचा.

मग एका ऑक्टोबरात खण उघडला. हिल्डाची बोटं बटणं शोधत होती. चांगल्या शर्टाची बटणं, विल्फला शेवटचं सजवायला. तिच्या हाताला मी लागलो. "अगंबाई, हा कुणाचा?" ती म्हणाली आणि मला एप्रनच्या खिशात टाकलं.

मी विल्फचा आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण खोडरबराला तोंड कुठलं?

काय घडलं ते मला हळूहळू तिच्याच बोलण्यातून कळलं, कारण एकटी असली की ती माझ्याशी बोलायची. त्या सकाळी विल्फनं नेहमीसारखं कोडं घेतलं, बरंच भरलं, उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा राहिला. पेनाला टोपण लावून तो म्हणाला, "जरा पडतो गं." आणि उठलाच नाही. ते वर्तमानपत्र टेबलावर तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशीच्या अंकात उत्तरं येतात, पण त्या गडबडीत तो अंक कोणीतरी शेगडी पेटवायला वापरून टाकला.

आता विल्फची बहीण एडी. ती प्रेस्टनला नव्या बंगलीत एकटी राहायची आणि दर रविवारी बसनं फळांचा पाव घेऊन यायची. मनानं वाईट नव्हती, पण बोलायला लागली की समोरच्याला दम घेऊ द्यायची नाही.

"हे बघ हिल्डा, घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं. मागची खोली रिकामीच आहे."

"मला इथे बरं वाटतं, एडी."

"बरं वाटतं म्हणे! साधा फ्यूज उडाला तर शेजाऱ्याला हाक मारतेस. चाळीस वर्षं सगळं आमच्या विल्फनं बघितलं. एकटीला जमायचं नाही तुला."

एप्रनच्या खिशात हिल्डाची मूठ माझ्याभोवती आवळली गेली. मग ती एकदम म्हणाली, "हे कोडं सुटेपर्यंत तरी मी इथून हलणार नाही."

"कुठलं? हे? विल्फचं?" एडी हसलीच. "अगं, तुला त्यातलं काय कळतंय? बरं चल, ईस्टरपर्यंत थांबते. ईस्टरच्या सोमवारी खोकी घेऊन येईन. नाही सुटलं तर मुकाट्यानं चालायचं."

"सुटलं तर?"

"सुटलं तर मी परत या विषयावर तोंड उघडणार नाही."

असं ते ठरलं, मित्रांनो. त्या छोट्याशा काळ्यापांढऱ्या कोपऱ्यात हिल्डाचं अख्खं घर अडकलं. आणि तिला तर पहिलं पाऊल कुठे टाकायचं, तेही ठाऊक नव्हतं. पहिल्या आठवड्यात ती क्लू वाचायची, अर्थ लावायची आणि येईल ते लिहायची. अगदी मलासुद्धा कळायचं की हे चूक आहे.

तिला गुरू भेटला तो खिडकीतून. नॉरिस कर्शॉ एक गुरुवार सोडून खिडक्या पुसायला यायचा. शिडीवर उभा राहून त्यानं काचेतून टेबलावर नजर टाकली आणि काच ठोठावली.

"मिसेस ऑर्मरॉड, सगळीकडे नोव्हेंबर लागला, तुमच्याकडे अजून ऑक्टोबरच का?"

हिल्डानं खिडकी उघडली आणि सगळं सांगितलं. नॉरिसनं टोपी काढली. "तो अंक मी तेव्हाच सोडवला होता. पण उत्तर विचारू नका. सांगितलं तर तुमचा चहा मला पचायचा नाही."

"उत्तर मागतंय कोण? मला रीत शिकव."

नॉरिस खूश झाला. तेव्हापासून तो बादली पायरीवर ठेवून चहा प्यायचा आणि शिकवायचा. लपलेले शब्द कसे शोधायचे. क्लूमध्ये 'विस्कटलेला', 'धांदरट' किंवा 'दारू प्यायलेला' असं काही आलं, तर शेजारच्या शब्दाची अक्षरं उलटीपालटी करायची. सराव मात्र रोजच्या नव्या कोड्यांवर. विल्फच्या कागदाला हात लावायचा नाही, हे तिनं स्वतःच ठरवलं होतं. त्यावर ती केकच्या साच्यात घालतात तो पातळ कागद पसरायची आणि वरून पेन्सिलीनं हलकेच लिहून बघायची.

मला पुन्हा काम आलं! काय सांगू, अंगात जीव आला. हिल्डा विल्फपेक्षा जास्त चुकायची, पण चिडायची नाही. "चुकलं वाटतं," म्हणायची, मला घ्यायची आणि भुगा तळहातावर गोळा करून शेगडीत टाकायची. एकदा जोरात खोडताना रोजच्या अंकाला भोक पडलं. त्यातून खालच्या टेबलक्लॉथवरचं फूल दिसत होतं. ती हसत बसली. विल्फ गेल्यानंतर तिला मी पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

डिसेंबरात तिला पहिला क्लू कोणाच्या मदतीशिवाय सुटला. हातात भांडी पुसायचं फडकं होतं, ते डोक्याभोवती फिरवत तिनं स्वयंपाकघरात गिरकी घेतली. मग वेडच लागलं. खाटकाच्या पाटीवर 'ताजं मटण' वाचलं तरी त्यात काही लपलं आहे का, ते बघायची. बसथांब्याचं वेळापत्रक वाचण्यात दोन बस गेल्या. नॉरिस म्हणाला, "आता तुम्ही कामातून गेलात. औषध नाही यावर."

फेब्रुवारी संपेपर्यंत रोजचं कोडं निम्मं भरू लागलं. पण विल्फचा कोपरा काही हलेना. तीन उभे शब्द त्याच्या सतराव्या आडव्या शब्दातून खाली उतरत होते. त्या शब्दाच्या जागी विल्फनं निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं 'कर्ल्यू'. लांब वाकड्या चोचीचा पक्षी, आमच्या किनाऱ्यावर चिखलात चोच खुपसत फिरतो. त्याच्या अक्षरांवरून खाली जाणारा एक शब्द हिल्डानं पटकन ओळखला. बाकीचे दोन जुळेचनात. पातळ कागदावर ती लिहायची, मी पुसायचो. लिहायची, पुसायचो.

"माझं डोकंच चालत नाही," ती म्हणायची. "विल्फ म्हणायचा तेच खरं."

मित्रांनो, मला तेव्हा कसं झालं असेल? विल्फ किती चुकायचा, ते या जगात फक्त मला माहीत होतं. त्याच्या हजार चुका माझ्या पोटात होत्या. पण ती शाई होती ना! शाईतलं अक्षर बघून हिल्डा प्रत्येक वेळी स्वतःलाच खोडत होती. मला शाईचा तेव्हा खूप राग आला. अजूनही आहे.

एका गुरुवारी नॉरिसनं खिडकीतून बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघितलं. एकच काच त्यानं तीनदा पुसली. त्याला कळलं होतं, मी त्याच्या तोंडावरून ओळखलं. पण गेलेल्या माणसाची चूक त्याच्या बायकोला कशी सांगायची? चहा पिताना तो इकडचं तिकडचं बोलला. निघताना बादली उचलून एवढंच म्हणाला, "एक नियम सांगायचा राहिला, मिसेस ऑर्मरॉड. क्लूमधला एकही शब्द उरता कामा नये. प्रत्येक शब्द कुठेतरी कामाला लागलाच पाहिजे. एखादा उरला, तर समजा काहीतरी गडबड आहे. मग लिहिणारा कोणी का असेना."

हिल्डानं मान डोलावली. पण तेव्हा तिनं ते फक्त स्वतःच्या शब्दांना लावून बघितलं.

ईस्टर जवळ आला. आदल्या शनिवारी दुपारी चॅपलमध्ये, म्हणजे आमच्या छोट्या चर्चमध्ये, गाण्याची तालीम होती. हिल्डा तिथे लहानपणापासून गात होती. मी तिच्या कोटाच्या खिशात होतो. रंगीत काचांतून ऊन आत आलं होतं, धुळीचे कण हवेत तरंगत होते, आणि सगळे आवाज मिळून असं काही वर चढत होतं की मला त्या खणातली भरती आठवली. तेवढ्यात गाणं बसवणारे मिस्टर पिलिंग ओरडले, "हळू! हळू! कागदावर काय लिहिलंय ते बघा की जरा. बायका, तुम्ही मासळीबाजारात आहात का?"

गाण्याच्या कागदावर 'हळू' असं लिहिण्यासाठी एकच छोटं अक्षर असतं, पी. हिल्डानं कागदावर बघितलं आणि गाता गाता थांबली.

सतराव्या आडव्याचा क्लू तिला पाठ होता. 'किनाऱ्यावर दिसणारा हळुवार प्रियकर.' विल्फनं 'किनाऱ्यावर दिसणारा' एवढं घेऊन कर्ल्यू लिहिला होता. मग 'हळुवार' कुठे गेला? आणि 'प्रियकर'? दोन शब्द उरत होते. इतके महिने ते तिथेच, तिच्या डोळ्यांसमोर, बिनकामाचे उभे होते! आणि तिच्या भाषेत प्रियकराच्या, म्हणजे 'लव्हर'च्या, आधी ते एक छोटं अक्षर ठेवलं की होतो 'प्लव्हर'. तुमच्या टिटवीचा भाऊबंद, तोही किनाऱ्यावरचाच. अक्षरं तेवढीच. पाचवं अक्षरसुद्धा दोन्हींत एकच, म्हणून तर एक उभा शब्द जुळला होता आणि हिल्डा फसली होती. विल्फला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला ते अक्षर दिसणार कसं?

"अरे देवा, विल्फ, तू चुकलास की रे!" हिल्डा भर चॅपलमध्ये मोठ्यानं म्हणाली.

मिस्टर पिलिंगनी हात खाली घेतला. "बरं वाटत नाही का, हिल्डा?"

"मला? मला छान वाटतंय," ती म्हणाली, आणि कोट सावरत बाहेर पडली.

घरी येऊन तिनं पातळ कागद बाजूला केला. पहिल्यांदाच विल्फचं वर्तमानपत्र तिच्या बोटांखाली आलं. तिनं मला घेतलं आणि कर्ल्यूच्या पहिल्या अक्षरावर अगदी हळू फिरवलं. मी सगळं बळ लावलं. शाई नुसती फासली गेली. अजून एकदा फिरवलं असतं तर कागद गेला असता. ती थांबली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"नको," ती म्हणाली. "राहू दे त्याचं." मग पेन्सिलीला टोक काढून तिनं प्रत्येक घरात, विल्फच्या अक्षराशेजारी, आपलं छोटं अक्षर लिहिलं. मोठं निळं आणि बारीक करडं, एकाच घरात. त्यानंतर तो कोपरा असा भरत गेला की चहा गार व्हायच्या आत शेवटचं घर संपलं. ती बराच वेळ बसून राहिली. रडत होती आणि मधेच हसत होती. बाहेर पाणी हळूहळू किनाऱ्याकडे परत येत होतं.

सोमवारी एडी सहा रिकामी खोकी दोरीनं बांधून घेऊन आली. हिल्डानं काही न बोलता वर्तमानपत्र तिच्यासमोर सरकवलं. एडीनं चष्मा लावला.

"हे काय? आमच्या विल्फच्या अक्षरांवर गिरगटलंस?"

"गिरगटलं नाही. तो चुकला होता."

"विल्फ? आमचा विल्फ? काहीतरीच बोलू नकोस."

"क्लू वाच, एडी. वाच मोठ्यानं. आणि सांग मला, कुठला शब्द उरतोय?"

एडीनं वाचलं. पुन्हा वाचलं. हिल्डानं तिला एकेक अक्षर बोट ठेवून दाखवलं, न चिडता, जसं नॉरिसनं तिला दाखवलं होतं. एडी गप्प झाली. मी तिला गप्प झालेली पहिल्यांदाच बघत होतो. मग तिनं चष्मा काढला.

"लहानपणी पाढे म्हणताना तो सारखा चुकायचा," ती म्हणाली. "एकदा त्यासाठी मास्तरांनी मारलं. त्यानंतर कधी चुकला नाही. म्हणजे, मला वाटलं चुकला नाही."

हिल्डानं तिच्यासमोर चहा ठेवला. खोकी दाराशीच राहिली, आणि संध्याकाळी एडी ती तशीच परत घेऊन गेली. शब्दाला पक्की निघाली ती. घराचा विषय पुन्हा तिनं काढला नाही. फक्त पुढच्या रविवारी पावाबरोबर एक पेन्सिल घेऊन आली आणि म्हणाली, "काय गं, ते लपलेले शब्द कसे शोधायचे म्हणालीस?"

आता मी फारसा उरलेलो नाही, मित्रांनो. दोघी मिळून खूप चुकतात. माझं कोणाकडे गाऱ्हाणं नाही. एवढंच मागतो, की तुमच्या कंपासपेटीतल्या खोडरबरात पेन्सिलीचं टोक खुपसू नका, त्याचे तुकडे करून वर्गात फेकू नका. आपल्या चुका जो मुकाट्यानं पोटात घालतो, त्याला जपावं. आणि चुकलात तर लाजून आम्हाला खणात लपवू नका. टेबलावर, सगळ्यांसमोर राहू द्या.

अजून एक सांगतो, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. तुम्हाला एखादी गोष्ट यायला लागली आणि समोर बसून कोणी विचारलं, "कसलं रे कोडं आहे?" तर "तुला नाही कळायचं" असं म्हणू नका. कागद थोडा त्याच्याकडे सरकवा. त्या ऑक्टोबरच्या सकाळी विल्फनं तो सरकवला असता, तर त्याची रीत आणि तिचं गाणं जुळून हिल्डानं तो प्रियकर तिथल्या तिथे ओळखला असता, आणि पेनाला टोपण लावायच्या आधी त्यानं तो शब्द तिच्या तोंडून ऐकला असता.